शोकेसमधलं बिलोरी भांडं

चहा झाला असेल, पोहे अजून व्हायचे असतील. तर पोहे होईपर्यंत एक काम करा. तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या शोकेसकडे जरा नजर टाका. त्यात छोटा गणपती असेल, मुलांच्या ट्रॉफ्या असतील, आणि एखादं जड, पैलूदार काचेचं भांडं नक्की असेल. वास्तुशांतीला कुणीतरी दिलेलं, किंवा प्रागच्या सहलीवरून आणलेलं. आपण ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत पुसतो आणि परत ठेवून देतो. आज त्या भांड्याबद्दल बोलायचं आहे.

आधी माझी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रागला गेलो होतो. मुलीचं लग्न ठरलं होतं. मनात आलं, हिला बोहेमियन क्रिस्टलचा एक मोठा वाडगा द्यावा, आयुष्यभर राहील. जुन्या पुलाजवळच्या गल्लीत एका दुकानात विक्रेत्यानं हातात वाडगा दिला आणि म्हणाला, संपूर्ण हातानं कापलेला आहे. चार हजार कोरुना मोजले. विमानात मांडीवर घेऊन बसले, सामानात टाकायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तो आमच्या शेजाऱ्यांना दाखवला. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मूळचे चेक. उत्तर बोहेमियातल्या नोव्ही बोर या गावी काचेच्या शाळेत शिकले, दोन-चार वर्षं कापणीच्या कारखान्यात काम केलं आणि १९६८ साली रशियन रणगाडे आले तेव्हा देश सोडून निघाले. काकांनी वाडगा घेतला, बघितला नाही. डोळे मिटून अंगठा बाहेरून फिरवला. मग वाडगा उलटा करून खिडकीशी धरला आणि मला एक बारीक उभी रेघ दाखवली. म्हणाले, "ही साच्याची शिवण. दोन अर्धे साचे जिथे मिळतात तिथे ही राहते. याला चाक लागलेलंच नाही, बाई. हा दाबून काढलाय."

मला रडूच यायचं बाकी होतं. पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं, की आपण मुलीला काय देतोय हेच आपल्याला कळत नव्हतं. मग काका म्हणाले, बसा, कॉफी करतो. त्या दिवसापासून जे शिकले, वाचलं, पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न असा की बोहेमियातच काच का? बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग. त्याच्या सीमेवर चारी बाजूंनी डोंगर आणि घनदाट जंगल. काच करायला मुख्य तीन गोष्टी लागतात. गारेची वाळू, ती लवकर वितळावी म्हणून एक क्षार, आणि काच टिकाऊ व्हावी म्हणून चुना. शिवाय भट्टीला सरपण. जंगलात लाकूड होतं, आणि लाकडाच्या राखेतूनच तो क्षार निघे. त्याला पोटॅश म्हणतात. म्हणजे एकच झाड जळणही होई आणि कच्चा मालही. आजूबाजूची झाडं संपली की काचवाले भट्टी उचलून जंगलात आणखी आत जात.

त्या वेळी काचेची राजधानी होती व्हेनिस. तिथल्या मुरानो बेटावरचे कारागीर समुद्राकाठच्या वनस्पतींच्या राखेतून मिळणारा सोडा वापरत. सोड्याची काच बराच वेळ मऊ राहते, म्हणून ती गरम असतानाच ओढून, वळवून, कागदासारखी पातळ करता येते. बोहेमियाची पोटॅशची काच लवकर घट्ट होते. तिला तसं नाजूक नाचवता येत नाही. पण थंड झाल्यावर ती कठीण, जाड आणि स्वच्छ असते, आणि म्हणूनच तिच्यावर कोरता येतं, तिला पैलू पाडता येतात. मुरानोचं कसब भट्टीच्या तोंडाशी, बोहेमियाचं कसब चाकाशी. हा एक फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ राज्य करत होता. त्याला रत्नांचा, यंत्रांचा आणि अजब वस्तूंचा भारी नाद. त्याच्या पदरी कॅस्पर लेमान नावाचा रत्नं कोरणारा कारागीर होता. खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक स्फटिकावर तो चित्रं कोरत असे. स्फटिक महाग आणि मोठे तुकडे दुर्मिळ. लेमाननं तीच हत्यारं आणि तीच पद्धत काचेच्या पेल्यावर वापरली. १६०९ साली सम्राटानं त्याला काच कोरण्याचा खास हक्क दिला. रत्नांची कला अशी काचेवर आली.

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगते. क्रिस्टल हा शब्द मुळात स्फटिकासाठीच आहे. स्फटिकासारखी स्वच्छ काच झाली, तिलाही लोक क्रिस्टल म्हणू लागले. आपल्याकडेही हेच झालं. बिल्लोर म्हणजे स्फटिक, आणि त्यावरून चांगल्या स्वच्छ काचेला आपण म्हणतो बिलोरी. आजी बिलोरी आरसा म्हणायची ना, तोच शब्द. त्यामुळे आज मी क्रिस्टल म्हणाले काय आणि बिलोरी म्हणाले काय, एकच.

आता कोरणं आणि कापणं यात फरक आहे, तो दुकानात फार उपयोगी पडतो.

कापणं म्हणजे पैलू पाडणं. आधी भांड्यावर रंगानं रेघा आखतात. मग कारागीर मोठ्या फिरत्या चाकावर भांडं वरून दाबतो. पूर्वी लोखंडाचं चाक असे आणि त्यावर ओली वाळू सोडत. मग खरखरीत खाच गुळगुळीत करायला वालुकाश्माचं चाक, आणि शेवटी चमक आणायला लाकडाचं किंवा फेल्टचं चाक आणि बारीक पूड. आपल्याकडे रस्त्यात धार लावणारा येतो तसंच, फक्त ठिणग्यांच्या जागी पाणी आणि चिखल. काका म्हणाले, कापणाऱ्याला चाक थेट दिसत नाही. मध्ये भांडं असतं. त्याच्या आरपार बघून तो खाच किती खोल गेली ते ठरवतो. आठ पैलूंचा तारा काढायचा तर आठही खाचा मधल्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात. एक जरी किंचित खोल गेली, की ती परत भरता येत नाही. काच खोडता येत नाही.

कोरणं वेगळं. त्याला तांब्याची छोटी छोटी चाकं लागतात, काही तर डाळीच्या दाण्याएवढी. चाकावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात. इथे भांडं चाकाच्या खालून धरतात. तेल आणि पूड पसरल्यामुळे नेमकी जागा बरेचदा झाकलेलीच असते. हरणाचा डोळा काढायचा आहे, आणि तो हाताला जाणवेल त्यावरून काढायचा. जंगल, शिकार, घराण्याची चिन्हं, माणसांचे चेहरे, सगळं असं कोरलं जाई. कापलेली काच चमकते. कोरलेली काच धूसर असते, आणि त्या धूसरपणातच चित्र दिसतं.

अठराव्या शतकात तिथल्याच कारागिरांनी आणखी एक नाजूक प्रकार काढला. एक पेला दुसऱ्या पेल्यात तंतोतंत बसवायचा, आणि आतल्या पेल्याच्या बाहेरच्या अंगाला सोन्याचा वर्ख लावून त्यावर सुईनं चित्र कोरायचं. वर्ख दोन काचांच्या मध्ये सुरक्षित राहतो. आपल्याकडे मिठाईवर लावतात तसाच तो पातळ वर्ख, पण अडीच-तीनशे वर्षं झाली तरी शाबूत.

आता शिसं. लेड क्रिस्टल हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ही मूळची बोहेमियाची युक्ती नव्हे. ती इंग्लंडची. १६७४ साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानं नव्या काचेचं पेटंट घेतलं, आणि लवकरच तो तिच्यात शिशाचं ऑक्साइड घालू लागला. त्यामुळे काच जड होते, कापायला मऊ होते आणि प्रकाश जास्त वाकवते, म्हणून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. बोहेमियानं ती पुढे स्वीकारली, पण सगळ्यांनी नाही. कार्लोव्ही व्हारीचा मोझर हा कारखाना, १८५७ साली लुडविग मोझरनं सुरू केलेला, बिनशिशाच्या कठीण काचेसाठीच ओळखला जातो. युरोपातल्या नियमाप्रमाणे २४ टक्के किंवा जास्त शिशाचं ऑक्साइड असेल तरच लेड क्रिस्टल म्हणता येतं. म्हणून तुमच्या वाडग्याच्या चिकटपट्टीवर २४ टक्के लिहिलेलं असेल, तर तो आकडा सवलतीचा नाही, शिशाचा आहे.

यावरून माझी दुसरी फजिती. त्या खोट्या वाडग्यानंतर काकांनी मला त्यांचा स्वतःचा एक जुना, खरा वाडगा भेट दिला. मी काय करावं? त्यात लिंबाचं लोणचं भरून ठेवलं, पाहुण्यांना छान दिसेल म्हणून. चार दिवसांनी काका आले, ते बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. स्वतः उठून लोणचं कचऱ्यात टाकलं. म्हणाले, आंबट पदार्थ शिसं बाहेर ओढतो. मंडळी, हे नीट ऐका. लेड क्रिस्टलमध्ये लोणचं, चिंचेची चटणी, सोलकढी, सरबत, वाइन असं काहीही साठवून ठेवू नका. जेवणाच्या वेळेपुरतं वाढलं आणि काढलं, तर गोष्ट वेगळी. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मात्र त्यात मुळीच देऊ नका. फुलं ठेवा, कोरडा सुकामेवा ठेवा.

आता रंगांकडे येऊ. एकोणिसावं शतक हे बोहेमियाच्या रंगांचं शतक. इंग्लंडची शिशाची काच बाजार खात होती, तेव्हा बोहेमियाच्या लोकांनी रंगांनी उत्तर दिलं. दक्षिणेत काउंट बुकॉय यांच्या कारखान्यात डांबरासारखी काळी काच निघाली, तिचं नाव हायलिथ. उत्तरेत फ्रीडरिश एगरमान नावाचा माणूस आयुष्यभर प्रयोग करत होता. त्यानं संगमरवर किंवा अकीकासारखी दिसणारी काच केली. चांदीच्या क्षारापासून पिवळा रंग बसवला, आणि मग तांब्यापासून लाल. हा रंग काचेत मिसळलेला नसतो. भांड्यावर लेप देऊन परत भाजतात, तेव्हा वरचा पातळ थर तेवढा रंगतो. मग त्या थरातून कोरलं की लाल जमिनीवर पांढरं स्वच्छ हरीण उमटतं. पूर्वी लाल काचेला सोनं लागे. तांब्यानं ती स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या घरात पोचली. सहलीला गेलेला माणूस आठवण म्हणून गावाचं नाव कोरलेला लाल पेला घेऊन येऊ लागला. म्हणजे आपण फ्रिजवर चुंबक लावतो, तसाच प्रकार.

आणखी एक पद्धत म्हणजे थरावर थर. स्वच्छ काचेवर पांढऱ्या किंवा रंगीत काचेचा थर चढवायचा आणि मग पैलू पाडून खिडक्या उघडायच्या. कापलेल्या जागी आतला रंग दिसतो. आजही दुकानात निळे, लाल, हिरवे असे जे पेले दिसतात, त्यांच्या मागे हीच युक्ती आहे.

आणि आता सगळ्यात नवलाची गोष्ट. इझेरा डोंगरात रीडेल नावाचे कारखानदार होते. त्यांनी १८३० च्या दशकात काचेत युरेनियम घालून पिवळी आणि हिरवी काच केली आणि घरातल्या ॲनाचं नाव त्या रंगांना दिलं. जांभळ्यापलीकडच्या किरणांचा दिवा तिच्यावर टाकला की ती हिरवी चमकते. युरेनियमचं खनिज येई याखिमोव या खाणीच्या गावातून. तिथे युरेनियमचे रंग काढून उरलेला गाळ टाकून दिला जाई. मेरी आणि पिएर क्युरी यांनी तोच टाकाऊ गाळ पॅरिसला मागवला आणि त्यातून रेडियम वेगळं केलं. आणि याच याखिमोवची सोळाव्या शतकातली चांदीची नाणी थालर म्हणून ओळखली जात, त्यावरून डॉलर शब्द आला. तेव्हा मंडळी, ज्या डॉलरसाठी आपण इथे आलो त्याचं नाव, रेडियमचा शोध आणि काचेचा हिरवा रंग, तिन्ही गोष्टी एकाच डोंगरातल्या गावापाशी येऊन मिळतात.

आता एक धागा थेट आपल्या घरात येतो. इझेरा डोंगराच्या पायथ्याशी याब्लोनेत्स नावाचं गाव आहे. जर्मन लोक त्याला गाब्लोन्त्स म्हणत. इथली खासियत म्हणजे मणी, बटणं, खोट्या दागिन्यांचे खडे. आणि बांगड्या. हो, आपल्या बांगड्या. पहिल्या महायुद्धापूर्वी बोहेमिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आणि तिथून काचेच्या बांगड्या आणि मणी बोटींनी हिंदुस्थानात येत. तिथल्या खेड्यांत शेतकऱ्याच्या घरी हिवाळ्यात दिव्याशी बसून बाया-माणसं मणी ओवत, बांगड्या करत. आणि आपल्याकडे कासारीण ओसरीवर बसून त्या पणजीच्या हातात भरत असे. बांगडी भरणारी आणि बांगडी घडवणारी, दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

हे जसं आपल्या लोकांच्या लक्षात आलं, तसं त्याला उत्तरही मिळालं. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी काचेविरुद्ध आवाज उठला. अंताजी दामोदर काळे यांनी एक एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ साली पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तिथे तरुणांना काचेचं शिक्षण मिळू लागलं. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर पोचला. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे. बोहेमियाची काच आणि तळेगावची काच या एका अर्थानं प्रतिस्पर्धी. मी दोन्हीबद्दल अभिमानानं बोलते, त्यात मला काही विसंगत वाटत नाही. दोन्हीकडे कष्ट हातांचेच होते.

याब्लोनेत्सच्या परिसरातलाच डॅनिएल स्वारोव्स्की. वडील काच कापणारे. त्यानं विजेवर चालणारं खडे कापायचं यंत्र काढलं, १८९२ साली पेटंट घेतलं, आणि १८९५ साली ऑस्ट्रियात टिरोलला जाऊन कारखाना काढला. आपल्या मुलींच्या लेहेंग्यांवर चमकणारे ते खडे मुळात या डोंगरातले. ज्या रीडेलचं नाव तुम्ही वाइनच्या पेल्यांच्या खोक्यावर वाचता, ते घराणंही इथलंच.

मग ही घराणी ऑस्ट्रियात कशी? स्वारोव्स्की धंद्यासाठी गेला. रीडेल आणि बाकीच्यांची गोष्ट कडू आहे. उत्तर बोहेमियाच्या काचेच्या गावांत बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे होते. १९३८ साली हिटलरनं तो भाग गिळला, पुढे चेक लोकांनी आणि ज्यूंनी जे भोगलं ते आपल्याला माहीत आहे. ज्यूंचे कारखाने हिसकावले गेले, मोझर घराण्यालाही देश सोडावा लागला. युद्ध संपल्यावर पारडं फिरलं. चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घालवून देण्यात आलं. बहुतेकांना हातात मावेल तेवढंच सामान नेता आलं. गाब्लोन्त्सचे कारागीर बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ एका मोडक्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेत जमले आणि तिथे परत मणी आणि खडे करू लागले. त्या वस्तीचं नाव नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे नवं गाब्लोन्त्स. ती आजही आहे.

काकांना मी विचारलं, तुम्हाला याबद्दल काय वाटतं? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला शिकवणारे मास्तर ज्या बाकावर बसत, त्या बाकाच्या खाली एका जर्मन कारागिराचं नाव कोरलेलं होतं. मास्तरांनी ते कधी खोडलं नाही. ते म्हणायचे, मी याच्याकडूनच शिकलो." माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं, आणि आजही नाही.

युद्धानंतर सरकार साम्यवादी. कारखाने सरकारजमा झाले. चित्रकारांवर करडी नजर होती, पण काच म्हणजे भांडीकुंडी, सजावट, तिच्यात कसलं राजकारण, म्हणून काचेकडे तेवढं लक्ष गेलं नाही. त्यामुळे ज्यांना मोकळं काम करायचं होतं असे कलावंत काचेकडे वळले. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या जोडीची काम होती. तो चित्र काढे, ती मातीत घडवे, आणि मग साच्यात काच वितळवून ओतीव शिल्प निघे. पैलू नाही, कोरीव काम नाही, फक्त जाडी. जिथे काच जाड तिथे रंग गडद, जिथे पातळ तिथे उजेड.

हे तुम्हाला इथेच बघता येईल. नायगाऱ्याला जाताना सहलीच्या बस न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयाशी थांबतात. आपण तिथे तासभरात फुगा फुंकण्याचं प्रात्यक्षिक बघतो, दुकानात फिरतो आणि निघतो. पुढच्या वेळी जरा जास्त वेळ काढा. या दोघांची मोठी शिल्पं त्या संग्रहात आहेत, आणि बोहेमियाचे जुने कोरीव पेलेही आहेत. मुलांना आधी लेमानची गोष्ट सांगून मग आत न्या. ती कंटाळत नाहीत, मी करून पाहिलं आहे.

आता शेवटी, पोहे थंड होण्याआधी, कामाच्या गोष्टी. भांडं खरं कापलेलं आहे का, हे कसं ओळखायचं?

एक, अंगठा फिरवा. चाकानं कापलेल्या पैलूची कड बोटाला स्पष्ट लागते. साच्यात दाबलेल्या काचेची कड गोलसर, साबणाच्या वडीसारखी लागते. फक्त एक लक्षात घ्या, चमक आणण्यासाठी आम्लात बुडवलेल्या भांड्याची कड थोडी मऊ होते.

दोन, उजेडात धरून उभी शिवण शोधा. पैलूंमधून ती लपते, पण बुडाशी आणि काठाशी सापडते.

तीन, रेघा जिथे एकत्र मिळतात तिथे बघा. हाताच्या कामात केसाएवढा फरक कुठेतरी असतोच. सगळं अगदी एकसारखं असेल तर शंका घ्या.

चार, टिचकी मारा. लेड क्रिस्टल घंटेसारखं लांब वाजतं. पण यावर एकट्यावर विसंबू नका, बिनशिशाची चांगली काचही वाजते, आणि जाड वाडगा खरा असूनही गप्प राहतो.

पाच, दुकानदाराला सरळ विचारा, हातानं फुंकलेलं का, हातानं कापलेलं का, आणि ते पावतीवर लिहून द्या म्हणा. मी हे विचारलं नव्हतं.

आणि सांभाळायचं कसं? डिशवॉशरमध्ये घालू नका, काच कायमची धुरकट होते. मायक्रोवेव्ह नको. कोमट पाणी, दोन थेंब साबण, सिंकच्या तळाशी टॉवेल. फ्रिजमधून काढून लगेच गरम काही ओतू नका.

हे काम अजून चालू आहे. काचेची भट्टी रोज विझवता आणि पेटवता येत नाही, ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, त्यामुळे गॅस महागला की तिथल्या कारखान्यांचा जीव कासावीस होतो. तरीही १८५६ साली कामेनित्स्की शेनोव इथे निघालेली काचेची शाळा आणि काकांची नोव्ही बोरची शाळा यांची परंपरा टिकून आहे. २०२३ साली युनेस्कोनं हातानं काच घडवण्याच्या कलेची मानवतेच्या वारशात नोंद केली. चेक देश त्या सहा देशांपैकी एक.

मुलीच्या लग्नात मी काय दिलं, हे राहिलंच. तो दाबलेला वाडगा मी घरीच ठेवला, त्यात किल्ल्या टाकतो. काकांचा वाडगा तिला दिला, काकांना विचारून. त्याच्या काठाशी एक खाच किंचित खोल गेली आहे. काकांनी ती तिला बोट लावून दाखवली आणि सांगितलं, "हा माझा एकोणिसाव्या वर्षीचा. तेव्हा मास्तर म्हणाले होते, हा विकायचा नाही, तू ठेव." मुलगी आता तिच्याकडे आलेल्या प्रत्येकाला ती खाच दाखवते. आणि लोणचं बरणीतच ठेवते.

तर मंडळी, आज दुपारी शोकेस उघडा. भांडं काढा, मुलांना हातात द्या, खाली गादी ठेवून द्या. ते कुणी दिलं होतं ते त्यांना सांगा. शिवण सापडली तरी वाईट वाटून घेऊ नका, देणाऱ्यानं प्रेमानंच दिलं होतं. आणि घरात आजी असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या आईच्या बांगड्या कुठल्या होत्या. कुणाकडे जुनी एखादी असेल, तर आम्हाला जरूर कळवा.

पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. तोवर नमस्कार.